संगणकाला मराठी बोलायला लावताना

सिंधुदुर्गातल्या एका लहान पतसंस्थेत मी हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे काम पाहतो. संगणकाचा पडदा मला दिसत नाही. त्यावर जे काही लिहिलेले असते ते संगणक मला वाचून दाखवतो आणि दिवसाचे सात-आठ तास मी ते ऐकत असतो. ओळखीच्या लोकांना हे ठाऊक असल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो. 'आमच्या आत्याची नजर मधुमेहाने गेली. तिच्या कॉम्प्युटरला ते बोलणारं सॉफ्टवेअर घालायचं आहे. चांगलं कुठलं?' प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर एका नावात बसत नाही, आणि दुकानदाराने एका नावात उत्तर देऊन टाकल्यामुळे पुढे कोपऱ्यात धूळ खात पडलेले दोन-तीन संगणक तरी मला माहीत आहेत.

गोंधळाचे मूळ असे, की 'बोलणारे सॉफ्टवेअर' या नावाखाली तीन निराळ्या वस्तू येतात. पहिली म्हणजे स्क्रीन रीडर. पडद्यावर आता काय आहे, कर्सर कुठे आहे, समोर आलेली गोष्ट दुवा आहे, बटण आहे की भरायची रिकामी चौकट आहे, ही माहिती तो विंडोजकडून आणि चालू असलेल्या प्रोग्रामकडून मिळवतो आणि त्यातले काय, किती आणि कोणत्या क्रमाने बोलायचे हे ठरवतो. दुसरी वस्तू म्हणजे सिंथेसायझर. त्याच्या हाती फक्त अक्षरे पडतात आणि त्या अक्षरांचे ध्वनी करणे एवढेच त्याचे काम असते. तिसरी वस्तू म्हणजे त्या सिंथेसायझरमधला एखादा आवाज, म्हणजे तो कोणत्या भाषेचा, बाईचा की पुरुषाचा, जाड की पातळ.

पावती भरून झाल्यावर टॅब कळ दाबत दाबत मी शेवटच्या बटणावर पोहोचलो की 'जतन करा, बटण' असे ऐकू येते. यातले 'जतन करा' हे शब्द प्रोग्राम लिहिणाऱ्याने दिलेले असतात, 'बटण' हा शब्द स्क्रीन रीडर पदरचा घालतो, आणि 'जतन'मधला ज जहाजातल्यासारखा उच्चारायचा की जन्मातल्यासारखा, हे सिंथेसायझर ठरवतो. काही संकेतस्थळांवर बटणांना नावेच दिलेली नसतात. तिथे 'बटण, बटण, बटण' एवढेच कानावर पडते, आणि जगातला सर्वांत महागडा आवाज आणून बसवला तरी त्यात काडीचा फरक पडत नाही. त्यामुळे कोणी तक्रार घेऊन आला, की दोष या तिघांपैकी कोणाचा आहे हे मी आधी पाहतो. निम्म्या वेळा नवे काही विकत घेण्याची गरजच नसते.

फोन करणाऱ्यालाही मी म्हणूनच उलट विचारतो, की आत्याला दिसते किती आणि संगणकावर तिला करायचे काय आहे. थोडेफार दिसत असेल, माउस चालवता येत असेल आणि लांब मजकूर वाचताना फक्त डोळे शिणत असतील, तर स्क्रीन रीडर तिच्या डोक्यावर ओझेच ठरेल, कारण तो प्रत्येक हालचालीला काहीतरी बोलत राहतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या कळा एकत्र दाबल्या की ते पान मोठ्याने वाचले जाते. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत आणि ते ऐकायला खरोखर गोड आहेत. वर्तमानपत्र किंवा एखादा लेख ऐकण्यासाठी तेवढे पुरते. मात्र काहीच दिसत नसेल आणि पत्र लिहिणे, खाते उघडणे, फॉर्म भरणे ही कामे स्वतःची स्वतः करायची असतील, तर स्क्रीन रीडरला पर्याय नाही.

स्क्रीन रीडरमध्ये निवड फार मोठी नाही. जॉज सर्वांत जुना आणि भारदस्त. तो १९८९ मध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी निघाला आणि तो काढणारे टेड हेंटर हे अपघातात दृष्टी गेलेले मोटारसायकल-शर्यतपटू होते. त्याची किंमत घरगुती वापरासाठी जड जाते, तरी परवाना न घेता एका वेळी चाळीस मिनिटे तो चालवून पाहता येतो. नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. एनव्हीडीए हा फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये नेमक्या याच कारणाने तो लिहायला घेतला, की दिसत नाही म्हणून संगणकासाठी इतरांपेक्षा जास्त पैसे का मोजायचे. विंडोजमध्ये नॅरेटर आधीच बसवलेला असतो आणि विंडोज, कंट्रोल व एंटर या कळांनी तो सुरू होतो. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ऑर्का आहे.

माझे मत विचाराल तर सुरुवात एनव्हीडीएनेच करावी. त्याचे एक मोठे सुख असे, की त्याची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवता येते. एमएस-सीआयटीच्या वर्गात, तालुक्याच्या सायबर कॅफेत किंवा भावाच्या लॅपटॉपवर काहीही न बसवता पेन ड्राइव्ह लावायचा आणि आपल्या सवयीच्या वेगाने, आपल्या सवयीच्या आवाजात तो संगणक बोलू लागतो. ज्यांच्या कार्यालयाने जॉज घेऊन दिला आहे त्यांनी तो जरूर वापरावा. लेखाशाखेतल्या माणसाला तर त्यातली आकडे एकेक करून वाचण्याची सोय फार उपयोगी पडते. खाते क्रमांक वाचताना 'एकोणऐंशी' आणि 'एकोणनव्वद' हे शब्द भरधाव वेगात किती सारखे ऐकू येतात, हे एकदा चुकीच्या खात्यात नोंद करून मी शिकलो आहे.

आता आवाजाकडे वळू, कारण लोक अडखळतात ते इथे. यंत्राला बोलते करण्याच्या ढोबळमानाने तीन पद्धती आहेत. एका पद्धतीत माणसाचा आवाज कुठेच नसतो. घसा, जीभ आणि ओठ यांच्यामुळे आवाजात जे कमी-अधिक सूर उमटतात ते गणिताने तयार केले जातात. इ-स्पीक हा सिंथेसायझर या जातीचा आहे. त्याचे मूळ १९९५ मध्ये जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्राममध्ये आहे, आणि त्याचा आजचा अवतार एनव्हीडीएसोबत आपोआप येतो. दुसऱ्या पद्धतीत एखाद्या व्यक्तीचे तासन्‌तास बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याची कात्रणे जोडली जातात. कुडाळच्या किंवा कणकवलीच्या फलाटावर गाडीची घोषणा ऐकताना गाडीचे नाव, क्रमांक आणि 'उशिराने धावत आहे' हे तुकडे वेगवेगळ्या दिवशी बोलल्यासारखे सांधलेले जाणवतात. तीच युक्ती अगदी बारीक तुकड्यांवर चालवली की असा सिंथेसायझर होतो. तिसरी पद्धत अलीकडची, न्यूरल नावाची. तीत असंख्य मुद्रणे ऐकवून संगणकालाच बोलण्याची ढब शिकवतात. आरोही आणि मनोहर हे त्यातले.

पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण न्यूरल आवाजाच्या प्रेमात पडतो आणि इ-स्पीक ऐकून तोंड वाकडे करतो. इ-स्पीकचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, हे मी नाकारत नाही. पण दिवसभर काम करणाऱ्याला गोडव्याआधी दोन गोष्टी हव्या असतात. कळ दाबताक्षणी उत्तर हवे. बाणाची कळ दाबत यादीतून खाली जाताना प्रत्येक ओळीला अर्धा सेकंद थांबावे लागले, तर दोनशे सभासदांच्या यादीत माणूस वेडा होतो. आणि वेग वाढवल्यावर शब्द एकमेकांत मिसळता कामा नयेत. सरावलेले लोक बोलण्याच्या दुप्पट-अडीचपट वेगाने ऐकतात, आणि त्या वेगात गणिताने केलेला आवाज कोरडा पण सुटा राहतो, तर माणसासारखा आवाज बरेचदा घरंगळतो. म्हणून मी स्वतः काम इ-स्पीकवर करतो आणि रात्री पुस्तक ऐकायचे असेल तेव्हा गोड आवाज लावतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट, कंट्रोल आणि एस या कळांनी सिंथेसायझर बदलता येतो, त्यामुळे कायमचे लग्न कोणाशीच लावावे लागत नाही.

खरी परीक्षा मराठीची आहे. विंडोजमध्ये उतरवून घेता येणाऱ्या जुन्या पठडीतल्या आवाजांत हिंदीचे हेमंत आणि कल्पना आहेत, पण त्या यादीत मराठी नाही. लिपी तीच देवनागरी असल्यामुळे हिंदीचा आवाज मराठी मजकूर बिनदिक्कत वाचत सुटतो, आणि विकणारा 'हे बघा, मराठी बोलतंय' असे सांगून मोकळा होतो. माझ्या एका परिचितांना एका विक्रेत्याने अशाच हिंदी आवाजाचे पैसे मराठी म्हणून लावले होते. ज्ञानेश्वरांचा 'ग्यानेश्वर' झाला, 'कृपा' शब्दाची 'क्रिपा' झाली, आणि 'काम झालं, जेवण केलं' यातला शेवटचा अनुस्वार, जो आपण केवळ अ लांबवण्यासाठी लिहितो, तो नाकातून येऊ लागला. चिपळूण, कुडाळ, नारळ, मासळी या शब्दांतला ळ कोकणात पावलोपावली लागतो. तो नीट आला नाही तर ऐकणाऱ्याला दर वाक्यात ठेच लागते.

म्हणून आवाज घेण्याआधी माझी स्वतःची काही वाक्ये मी त्याला वाचायला लावतो. त्यातले पहिले असे : 'दर्यात होड्या गेल्या आणि दऱ्यांत धुके उतरले.' लिहिताना दोन्हींकडे र आणि य आहेत, पण पहिल्यात य वर र चढून आघात येतो आणि दुसऱ्यात तो येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, दुसऱ्या शब्दासाठी ऱ हे वेगळे अक्षर आहे, त्यामुळे मराठी कसून शिकलेल्या सिंथेसायझरला फरक कळायला हवा. ज्याला तो कळत नाही त्याच्या तोंडी समुद्र आणि डोंगरातली घळ एकच होते. दुसरे वाक्य च आणि ज यांचे : 'चार गड्यांनी चारा आणला, जरा जाळे ओढले आणि जहाज जवळ आले.' 'चार'मधला च टाळूला लागतो, 'चारा'मधला दाताला. 'तू शंभर वर्षे जग' आणि 'सारे जग' यांतला फरक मात्र मी कोणत्याच यंत्राकडून मागत नाही, कारण तो लिहिण्यात कुठेच नाही. अर्थ कळल्याशिवाय तो करता येत नाही आणि तेवढी चूक कान आपोआप दुरुस्त करून घेतो.

तिसरी चाचणी कागदपत्रांची, आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची आहे, कारण कोकणात संगणकावर पाहायच्या गोष्टींत जमिनीचे उतारे बरेच असतात. '७/१२' हे मी 'सात स्लॅश बारा' असेही ऐकले आहे आणि सात डिसेंबर असेही. 'रु. १२,५०,०००' ही रक्कम आपल्या पद्धतीने 'बारा लाख पन्नास हजार' अशी वाचली गेली पाहिजे. हजारांच्या गटांत स्वल्पविराम देणाऱ्या पद्धतीवर घडलेले सिंथेसायझर ती 'बारा, पन्नास, शून्य शून्य शून्य' अशी तुकड्यांत टाकतात. 'मु. पो. आचरे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग' हा पत्ता तर बहुतेक आवाजांचा फेस काढतो.

यावर उपाय फुकट आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे लोक नवा आवाज शोधत फिरतात. एनव्हीडीएच्या पसंतींमध्ये उच्चारांचा शब्दकोश असतो. त्यात डावीकडे '७/१२' आणि उजवीकडे 'सातबारा' असे एकदा भरून ठेवले, की पुढे तो शब्द तसाच ऐकू येतो. फक्त घाई करू नये. मी पहिल्या उत्साहात 'ता.' च्या जागी 'तालुका' असे भरले. दुसऱ्या दिवशी एका सभासदाच्या पत्रात 'तो आजारी होता.' असे काहीसे वाक्य आले आणि संगणकाने गंभीर आवाजात 'तो आजारी होतालुका' असे वाचले. शिवाय 'ता. ३ जून' याचा 'तालुका तीन जून' झाला. अखेर मी ती नोंद काढली आणि 'ता. मालवण', 'ता. कुडाळ', 'ता. देवगड' अशा पूर्ण नोंदी केल्या. जिल्ह्यात तालुके आठच आहेत, दहा मिनिटांचे काम झाले.

आता अशी एक अडचण, जिचे खापर आवाजावर फुटते पण जिच्यात आवाजाचा दोष मुळीच नसतो. पुष्कळ कार्यालये आणि छपाईची दुकाने अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी टंकतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसते मराठी, पण संगणकाच्या पोटात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे. फॉन्ट त्या अक्षरांना फक्त देवनागरी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'काम' हा शब्द आत 'डी, के, ई' असा असतो. डोळ्यांना मुखवटा दिसतो, स्क्रीन रीडरला पोट दिसते, आणि म्हणून शेजारी बसलेला माणूस 'अहो, स्वच्छ मराठीत तर आहे' म्हणत असताना माझ्या कानात इंग्रजी अक्षरांचा चिखल पडत असतो. एका कार्यालयातून आलेली सभेची सूचना मी याच कारणाने दोन वेळा परत पाठवली होती. तिसऱ्यांदा त्यांनी मला ती फोनवर वाचून दाखवली, युनिकोडमध्ये पाठवली नाहीच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, म्हणजे हे सांगायला आता उशीरही म्हणवत नाही. अशा मजकुरासाठी फॉन्ट बदलून देणारे परिवर्तक मिळतात आणि ते संगणकात हाताशी ठेवावेत.

स्कॅन केलेल्या कागदाचे दुखणे निराळे. ते पान म्हणजे छायाचित्र असते, त्यात अक्षर एकही नसते, त्यामुळे स्क्रीन रीडर ते रिकामे असल्याचे सांगतो. गूगल ड्राइव्हमध्ये असे पान चढवून गूगल डॉक्समध्ये उघडले तर छापील मराठी अक्षरे ओळखून मजकूर हाती येतो. जुना, पुसट सातबारा असेल तर फार आशा ठेवू नये. पुस्तकांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेले सुगम्य पुस्तकालय आहे. तिथली पुस्तके मुळातच ऐकता येतील अशा स्वरूपात असतात, त्यामुळे ही उठाठेव वाचते.

कोकणात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, जी शहरातल्या सल्लागाराच्या ध्यानात येत नाही. आवाज संगणकातच तयार होतो की दूरच्या सर्व्हरवरून येतो? आरोही आणि मनोहर एजमध्ये इंटरनेटवरून बोलतात. रेंज गेली की ते मुके. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावर तीच गत केली. वादळ सोडा, आषाढातल्या एखाद्या रात्री झाडाची फांदी तारेवर पडली तरी मोबाइलचा मनोरा गप्प होतो. आपल्याला दिसणारा पडदा इंटरनेट गेले म्हणून कोणी काळा होऊ देणार नाही. ज्याचा पडदा कान हाच आहे त्याने तरी तो का होऊ द्यावा? गोड आवाज कितीही आवडला तरी इ-स्पीकसारखा संगणकातच राहणारा एक सिंथेसायझर हाताशी असलाच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे.

पैसे खर्चायची तयारी असेल तर वोकलायझर या सिंथेसायझरच्या कुळात अनन्या नावाचा मराठी आवाज आहे. आयफोनवर मराठी निवडल्यास तोच ऐकू येतो, त्यामुळे कोणाच्या तरी फोनवर तो आधी फुकटात ऐकून घेता येतो. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज उतरवून घेतला की तो रेंजशिवायही चालतो. ज्या वडीलधाऱ्यांना संगणकाचा सरावच नाही, त्यांना आधी फोनवर टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर लावून आठवडाभर मराठी आवाजाची सवय करून द्यावी. कान तयार झाला की कळफलक शिकणे पुष्कळ सोपे जाते. पहिल्या दिवशीच्या मतावर मात्र काही विकत घेऊ नये. पहिल्या दिवशी प्रत्येक आवाज कृत्रिम वाटतो आणि पंधराव्या दिवशी त्याचा कृत्रिमपणा कानाला जाणवेनासा होतो, पण चुकीचा ळ पंधराव्या दिवशीही टोचतो.

फोन करणाऱ्या त्या भाच्याला मी शेवटी एवढेच करायला सांगितले, की एनव्हीडीए घाल, इ-स्पीकला मराठी लाव, वेग अगदी कमी ठेव, आणि आत्याला सर्वांत आधी कंट्रोलची कळ बोटांनी ओळखायला शिकव, कारण ती दाबली की तो बोलायचा थांबतो. आठ दिवसांनी आत्याचाच फोन आला. 'तो मेला फार हळू बोलता रे,' ती म्हणाली, 'जरा घाई करूक सांग त्येका.'